शिक्रा फार वेळ थांबत नाही

मी सूर्यमाळचा, काशिनाथ खोडाळ्याचा. ईशान्येकडच्या एका जंगलातल्या पोस्टवर आम्ही एकाच सेक्शनमध्ये होतो. मी हवालदार, तो नाईक. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र रँक उलटी होती.

एका सुट्टीत त्याच्या नागलीच्या शेतात मी ऐटीत बोट दाखवलं, "तो बघ शिक्रा."

"उस्ताद, पावशा आहे तो. छातीवरचे पट्टे बघून सॅल्यूट ठोकलात?"

माझी बायको सोबत होती. अजून हसते.

मग त्यानं शिकवलं. दोघं लांबून सारखेच, पाठ करडी. पण शिक्र्याची चोच आकड्यासारखी. तो पानांत दडून बसतो, सरडा किंवा चिमणी दिसली की झेप घेतो. बुलबुलांना दिसला की ते कालवा करतात. एवढं ऐकून मी जेवायला उठलो. तो पुढे काही सांगत होता.

सुट्टीनंतर पोस्टवर, त्या दिवशी ०६१० ला आम्ही गस्तीवर निघालो. काशिनाथ स्काउट, सर्वांत पुढे. ०६४० ला नाल्याअलीकडे बुलबुलांचा कालवा सुरू झाला. मी हात वर केला. सगळे बसले.

"शिक्रा," मी म्हणालो.

"दिसला का?"

"असेल पानांत."

०६४७. कालवा चालूच.

"उस्ताद, अजून ओरडतायत. शिक्रा एवढा वेळ..."

"क्लास नंतर घे. चल."

तो उठला. तीस पावलं गेला, तोच झाडीखालून गोळ्या सुटल्या. मग रेडिओवर मीच ओरडत होतो, "कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी." ०७०५ ला मी दुसरा मेसेज दिला. कॅज्युअल्टी आता जखमी नव्हती.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'अचानक गोळीबार'. जव्हारच्या शाळेत भाषणाला बोलावतात, तिथेही तेच सांगत आलो.

यंदा त्याच्या स्मृतिदिनी खोडाळ्याला त्याच्या घरी गेलो. अंगणातल्या आंब्यावर बुलबुल ओरडू लागले. माझा हात घड्याळावर गेला. दोन मिनिटांत शिक्रा उडाला, झाड शांत झालं.

"लगेच गेला?" मी विचारलं.

"दिसला म्हंजे शिकार गेली," त्याची आई म्हणाली. "मंग कशाला बसंल? पाखरं लय वेळ ओरडली तर खाली बघायचं. साप असतो, नायतर माणूस."

मी तिला ती सात मिनिटं सांगितली. पहिल्यांदाच.

 ती म्हणाली, "त्याला ठावं होतं हे. बोलला नाय तो?"

"बोलत होता. मी थांबवलं."

तिनं माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. तो अजून भरलेला होता.

नाईक काशिनाथ, खोडाळा. त्याला धोका कळला होता. हे रिपोर्टमध्ये नाही, म्हणून इथे लिहिलं.