काकांचं जहाज

भाऊजी, तुमची गोष्ट तुम्हालाच सांगते. परक्याची समजून ऐका, म्हणजे रक्तदाब वाढणार नाही.

एक काका होते. पाणीपट्टीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि पुतण्या युद्धनौकेचा कप्तान झाला तसे पुन्हा नोकरीला लागल्यासारखे वागू लागले. इमारतीत त्यांना ‘अ‍ॅडमिरल’ म्हणत. ते चेष्टेने म्हणतात हे काकांना कळू नये, अशी सगळ्यांची इच्छा होती, काकांचीही. दूधवाला असो की लिफ्टवाला, ‘आमचं जहाज’ ऐकल्याशिवाय सुटका नसे. त्या कप्तानाला जन्म देणारी वहिनी मुकाट्याने भाजी निवडायची.

पुतण्या जहाजाची सूत्रं दुसऱ्या कप्तानाला देणार, त्या दिवशी काका नवा कोट चढवून डेकवर पहिल्या रांगेत बसले. मांडीवर इस्त्रीचा रुमाल.

“वहिनी, डोळ्यांत पाणी येईल हं आज.”

“तुमची तयारी दिसतेच आहे.”

पुतण्याने बदलीचा हुकूम वाचला. नवा म्हणाला, “मी आपल्याकडून सूत्रं स्वीकारतो.” दोन सलाम, की संपलं! भाड्याची खोली रिकामी करायलासुद्धा याहून वेळ लागतो.

काकांना एकच प्रश्न पडला: उद्या दूधवाल्याला काय सांगायचं?

खलाशांनी शिट्ट्या वाजवून दिलेल्या मानवंदनेत पुतण्या शिडी उतरला. मागोमाग वहिनी. आणि काका? ते चहाच्या टेबलापाशी नव्या कप्तानाचा हात धरून उभे!

“मला तुमचाही काकाच समजा. या जहाजाचं सगळं मीच बघत आलोय.”

“अरे वा. कुठल्या विभागात होता आपण?” त्याने आदराने विचारलं.

“पाणीपट्टी,” काकांच्या तोंडून निघून गेलं.

धक्क्यावरून पुतण्याची हाक आली, “काका, उतरा आता! आपण पाहुणे इथे.”

परतताना गाडीत पुतण्याने विचारलं, “आई, मी उतरलो तेव्हा माझ्याबरोबर आपल्यातलं कोण होतं गं?”

“मी होते.”

काकांनी रुमाल परत खिशात ठेवला. रुमालाची घडी मोडलीच नव्हती.

असो. भाऊजी, कपडे वाळत घालायला जहाजाचा टाकाऊ दोर आणून देतो, सात पिढ्या तुटायचा नाही, असं तुम्ही दोन वर्षं म्हणत होतात. त्या दिवशी निघतानाही मी आठवण केली होती. परवा माझी प्लास्टिकची दोरी तुटली, तुमच्या धुतलेल्या सदऱ्यांसकट. दोर काही आला नाही.