तोफगोळ्याला नारळ

आमच्या किल्ल्यातला तोफगोळा सकाळी अकरा वाजेपर्यंत तोफगोळाच होता.

नागपूरजवळच्या या जुन्या किल्ल्यात दर ऋतूला एक प्रदर्शन भरतं. हिवाळी प्रदर्शनात लोकांना माहिती सांगायला मला महिनाभरासाठी घेतलं होतं. मी इतिहासात एम.ए. आहे. (आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, हे मी कुणी न विचारताही सांगते.) काम पसंत पडलं तर उन्हाळी प्रदर्शनालाही ठेवू, असं प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून पहिल्याच दिवशी मी कामात जीव ओतला. दगडी तोफगोळा उघडाबोडका वाटत होता, त्याच्याखाली लाल कापड अंथरलं. जुना काळ वाटावा म्हणून दालनाची जमीन शेणाने सारवून घेतली. ती ओली होती, म्हणून माझी चप्पल दाराबाहेर काढली.

एवढं माझ्या आत्याला पुरलं.

आत्या खास भाचीची नोकरी पाहायला बेसाहून ऑटो करून आली होती. दाराशी चप्पल दिसताच तिने आपली काढली, डोक्यावर पदर घेतला आणि पिशवीतली डबी उघडून तोफगोळ्याला कुंकू लावलं. मी पलीकडे चार पाहुण्यांना तटबंदीची जाडी समजावत होते. वळून पाहते तर आत्यामागे एक अख्खं कुटुंब हात जोडून उभं.

"आत्या, काय करून राहिली तू?"

"पाया पडून राहिली. दिसत नाही काय तुले?"

"अगं, तोफगोळा आहे तो. शत्रूवर डागायचा."

"मंग? जागृत आहे म्हन ना."

दाराबाहेर चपला वाढल्या आणि चपला पाहून माणसं वाढली. कुणीतरी कमानीवरचा झेंडूचा हार काढून आणला. (तो लावायला मी शिडीवर चढले होते.) शेवटी मी गोळ्याशेजारच्या माहितीच्या पाटीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "दगडी तोफगोळा."

रांगेतले एक आजोबा दुखावले. "शिकली म्हणून देवाले काहीबी म्हनशील का पोरी?"

"आजोबा, मी एम.ए. आहे."

"मंग नुसती उभी काहून आहेस? अंगारा दे."

"अन् प्रसाद नाही काय वं?" मागून एका बाईने विचारलं.

"आहे ना, थांबा," म्हणून आत्याने माझा डबा उघडला. आत भाकर आणि वांग्याची भाजी.

"वांगं चालते काय प्रसादाले?"

"या देवाले चालते," आत्याने परस्पर ठरवून टाकलं.

नेमक्या तेव्हाच मॅडम आल्या. दारातल्या चपला पाहून त्यांनीही सँडल काढले, मग भानावर येऊन पुन्हा घातले.

"हे काय चाललंय?"

"मॅडम, पाहुण्यांचा सहभाग," मी म्हटलं.

मॅडम पुढे काही बोलणार, तोच आत्याने त्यांच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि वर वांगं ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. मग म्हणाल्या, "संध्याकाळी तो गोळा पुसून ठेवा. उन्हाळ्याचं उद्या सांगते."

त्यांचा आवाज ऐकून माझा उन्हाळा तिथेच संपल्यासारखा वाटला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ओल्या फडक्याने कुंकू पुसत बसले. शिक्षणाने माणसाची अंधश्रद्धा जाते, यावर मी बी.ए.ला पुरवणी लावून उत्तर लिहिलं आहे. गोळा लख्ख झाला. मी दाराबाहेर डोकावून कुणी नाही याची खात्री केली, परत आले आणि हळूच म्हटलं, "उन्हाळ्यात राहू दे रे बापा, नारळ फोडीन."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, "उन्हाळ्यातही तुम्हीच राहा. इतकी गर्दी या दालनात कधी झाली नव्हती. फक्त आधी एक पाटी लिहून लावा."

लावली. आता आठवडा झाला, बोललेला नारळ माझ्या पर्समध्ये आहे. फोडता येत नाही. तोफगोळ्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'हा देव नाही. येथे नारळ फोडू नये.' आणि खाली माझी सही, पदवीसकट.