डाव्या अंगाचा बैल

सुगी आटपली की आमच्याकडं शंकरपट भरतो. बैलांची जोडी हलक्या छकड्याला जुंपायची, एकेक जोडी सोडायची अन् घड्याळ लावायचं. जिला कमी वेळ लागला ती पहिली. मधी लई वर्षं बंदी होती, आता पट पुन्हा सुरू झालेत. पटाच्या आदल्या संध्याकाळी लोक माझ्या ओट्यावर येतात, कोणती जोडी बाजी मारंल ते विचारायला. मी चवथीतून शाळा सोडलेला माणूस, पण बैल पाहू शकतो. मागचा पाय पुढच्या खुरावर पडतो का, जू टेकलं की कातडं थरथरतं का, एवढंच पाहायचं अन् सांगून टाकायचं. बरेच वेळा बराबर निघतं. न्हाई निघालं तर शिव्या खायच्या.

औंदा मला तोंड उघडायचंच नव्हतं. पटात आमचा बैल होता.

आमचा म्हणजे बायकोचा. गाय व्याली अन् चार दिसांत मेली, मागं तांबडं गोऱ्हं राहिलं. बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाचवलं. मी म्हणायचो, "सोड नाद, जगत न्हाई ते." ती म्हणायची, "तुमी जगले ना माझ्या हातचं खाऊन? ते बी जगंल." रोज शेतात जाताना उजव्या हातात बादली अन् डाव्या अंगाला गोऱ्हं. दोरी न्हाई, काही न्हाई. तिच्या पातळाला घासत चालायचं. मोठा बैल झाला तरी त्याची खोड गेली न्हाई. त्याला आपल्या उजव्या अंगाला कोणीतरी लागतं. म्हणून आम्ही त्याला जुवाच्या डाव्या बाजूलाच जुंपायचो, जोडीचा बैल त्याच्या उजवीकडं.

पोळ्याच्या आधी ती गेली. ताप आला, हिंगोलीला नेलं, तिथून गाडीत झाकूनच आणलं. पोरगं शहरात राहतं. ते म्हणालं, "बाबा, तुमच्यानं ढोरं होत न्हाईत, विका." खरंच होत नव्हती. गुडघे गेलेत. साखरा गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला बैल दिला. मला मामा म्हणणारा माणूस, चारापाण्याला चोख. मी आठ-पंधरा दिवसाला एसटीनं जायचो. त्याच्या घरी चहा घ्यायचो, पण जीव सगळा गोठ्यात. बैल माझ्या सदऱ्याला नाक लावून जोरात हुंगायचा. घरात बायकोचा वास राहिला नव्हता. त्याला सदऱ्यात लागत असंल, असं मला वाटायचं.

मग बैलाच्या नव्या मालकाच्या डोक्यात पट शिरला. पुण्याकडचा एक व्यापारी पळणारे बैल घेत फिरून राहिला होता. पटात नंबर लागला की तो बैल टेम्पोत चढणार. साखऱ्याला एसटी जाते, पुण्याकडं मी म्हातारा कुठं जाऊ?

पटाच्या आदल्या दिवशी मी मैदानावर गेलो. मालकानं आपल्या जुन्या पटाच्या बैलाला डावीकडं जुंपलं होतं अन् आमच्याला उजवीकडं. म्हणाला, "जवान जनावर हाये मामा, कुठं बी शिकतं." त्याची खोड मी सांगितली न्हाई. मनात म्हणलं, ऱ्हाऊ दे, हरंल अन् इथंच राहील.

संध्याकाळी ओटा भरला. मी वाशीमकडच्या पांढऱ्या जोडीचं नाव घेतलं.

"आन् तुमचा तांबडा?" शेजारचा बुढा म्हणाला.

"न्हाई येत."

"घरच्यावर रुसले काय बाबा?"

"विकला ना मी? आता काहून घरचा?"

"पाहा बरं. मी तुमच्या सांगण्यावर पैजेला कोंबडं लावतो."

"लाव. खायला मले बी बोलाव."

शनिवारी एक फेरी अन् रविवारी एक, दोन्हींतला चांगला वेळ धरायचा असं पंचांनी ठरवलेलं. शनिवारी पांढरी जोडी सुसाट गेली. मग आमचा सुटला. अर्ध्या वाटेपर्यंत बराबर होता. मग मान उजवीकडं वळली. त्या अंगाला त्याला कोणी सापडंना. तो ओढत ओढत छकडा सगळाच उजवीकडं घेऊन निघाला, थेट माणसांत. बाया ओरडल्या, पोरं पळाली, लोक हसले. "अरे, हा तर बाजाराला निघाला!" मला हसू आलं न्हाई. तो कोणाला शोधून राहिला होता ते मला ठाऊक होतं.

टोचायची तुतारी, चाबूक आता चालत न्हाई. पण हाकणाऱ्यानं खाली उतरून शेपूट पिरगाळली अन् दातानं चावली. माणसांच्या गर्दीत पंचांना काय दिसतं? बैल थरथरत उभा. मी जवळ गेलो तर शेपटीतून रक्त गळत होतं. त्यानं माझ्या सदऱ्याला नाक लावलं.

मागून शेजारी आला. "मानलं बाबा! तुमी म्हणले तसंच झालं."

लोक मला चहा पाजायला ओढून राहिले होते. मी कप तसाच खाली ठेवला. उद्या बी हा असाच वळणार, हाकणारा उद्या बी चावणार. बायको असती तर तिनं त्या हाकणाऱ्याच्या श्रीमुखात दिली असती, अन् मग माझ्या.

मालक छकडा सोडत होता. मी म्हणलं, "बैल बदल. आमच्याला डावीकडं घे."

"काहून मामा?"

"त्याच्या उजव्या अंगाला कोणी लागतं. तुझा जुना कुठं बी पळतो."

"मग काल काहून न्हाई सांगितलं?"

"आज सांगून राहिलो ना. आन् शेपटीला तोंड लावलं तर त्या गड्याचे दात पाडीन."

रविवारी आमचा डावीकडून सुटला. जुन्याच्या खांद्याला खांदा घासत गेला, कासरासुद्धा ताणावा लागला न्हाई. घड्याळाचा आकडा आला तशी मैदानात बोंब उठली. पांढरी जोडी मागं पडली. मालकानं मला उचलून घेतलं. शेजारी मात्र लांबूनच ओरडला, "म्हाताऱ्या, माझं कोंबडं गेलं ना! स्वतःच सांगतो अन् स्वतःच पाडतो?"

व्यापारी दिवस मावळायच्या आत टेम्पो घेऊन आला. बैल फळीवर पाय ठेवंना. मी पुढं झालो, त्याच्या उजव्या अंगाला उभा राहिलो अन् चाललो. तो माझ्यासंगं वर चढला. मी बाजूनं खाली उतरलो. व्यापाऱ्याच्या माणसाला म्हणलं, "बाबू, याच्या उजव्या अंगाला कोणीतरी ऱ्हाऊ द्या."

"व्हय बाबा," तो म्हणाला. त्याचं ध्यान मोबाईलमध्ये होतं.

यानंतर सेनगावकडं पट झाला तेव्हा ओट्यावर कोणी आलं न्हाई. ज्याला आपलं सांगणं आपल्याच हातानं मोडता येतं त्याला कोण विचारंल? मला बी आता बैल पाहायचं मन होत न्हाई.

पण सकाळी फाट्यावर जाऊन बसतो. साखऱ्याची एसटी थांबते. कंडक्टर दारातून विचारतो, "बाबा, यायचं काय?"

न्हाई म्हणतो. गाडी जाते, मग उठतो.