मोगऱ्याचा ताण

अव्वा, म्हणजे माझी आई, गेली तेव्हा मार्गशीर्ष नुकताच लागला होता. कावीळ झाली, पंधरा-वीस दिवस औषधं झाली, आणि एका सकाळी ती गेली. मी तेरा वर्षांची होते. अप्पा सोलापूर स्टेशनच्या माल कचेरीत कारकून होते आणि आम्ही रेल्वेच्या चाळीत कडेच्या घरात राहायचो. कडेचं घर म्हणून बाजूची थोडी मोकळी जागा आमच्या वाट्याला आली होती. तिथं अव्वानं वाफे केले होते. दोन वाफे झेंडू आणि शेवंतीचे, आणि भिंतीलगत मोगऱ्याची सात झाडं. वाफ्यांच्या कडेला तिरप्या विटा लावलेल्या होत्या आणि दर वर्षी ती त्यांना चुना द्यायची.

त्या झाडांवर तिचा फार जीव होता. दुष्काळाच्या वर्षी सगळी चाळ घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभी असायची, तेव्हा ही मोगऱ्याजवळ पाट ठेवून अंघोळ घालायची मला, चारी बाजूंनी जुनी लुगडी बांधून. माझ्या अंगावरचं पाणी झाडाला जायचं. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, सगळं पाणी तिकडंच. त्या वर्षी चाळीतली कडुनिंबाची रोपंसुद्धा वाळली, पण मोगरा जगला. चैत्रात चाळीतल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात आमच्या घरचा गजरा होता.

ती गेल्यावर मी रडले नाही. बायका यायच्या, मला पोटाशी धरून रडायच्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. पोर दगड झाली, असं कुणीतरी म्हणालेलं मी ऐकलं.

दिवस झाले आणि पाहुणे पांगले. फक्त आत्या राहिली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, दुधनीची. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी गेला होता आणि ती दिराच्या घरी शेतात राबून राहत होती. तिच्या बोलण्यात कानडी आणि मराठी एकमेकांत मिसळलेलं असायचं. अप्पांना ती तम्मा म्हणायची, धाकटा भाऊ म्हणून. ती आली ती एक पिशवी घेऊन, आणि दुसऱ्याच दिवशी अव्वाच्या चुलीसमोर बसून भाकरी थापायला लागली. मला ते सहन होत नव्हतं. भाकरी चांगली व्हायची, तेही सहन होत नव्हतं.

मोगऱ्याकडं माझं लक्ष गेलं ते पौषात. कुणीच पाणी घालत नव्हतं. पानं पिवळी पडून गळत होती, माती भेगाळली होती. मला वाटलं, अव्वाच्या मागोमाग हीही चालली. मी शाळेतून आले, दप्तर टाकलं आणि दोन घागरी झाडांना घातल्या.

आत्यानं दारातून बघितलं.

"कोन पानी घालतंय गं त्येला?"

"मी."

"घालू नगंस. आता ताण द्याचा असतो मोगऱ्याला. म्हैनाभर तानला की मग फुलतो त्यो. लई पानी झालं तर नुसता पाला येतो."

मला तिचं खरं वाटलं नाही. अव्वा मला कधीच वाफ्यात काम करू द्यायची नाही, अभ्यास कर म्हणून हाकलायची, त्यामुळं हिवाळ्यात ती काय करते हे मी कधी बघितलंच नव्हतं. मला आठवत होतं ते एवढंच, की अव्वा पाणी घालायची आणि झाडं जगायची. ही बाई पाणी नको म्हणते म्हणजे हिला ती नकोतच, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून मी चोरून पाणी घालू लागले. दुपारी शाळा सुटून मी यायची तेव्हा आत्या जात्याच्या खोलीत जरा आडवी झालेली असायची. मी तांब्यातांब्यानं पाणी न्यायची, एकेका झाडाच्या बुंध्याशी हळूच ओतायची आणि वरून कोरडी माती पसरायची. आठ दिवसांत पानं गळायची थांबली. मला वाटलं, मी जिंकले.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली आणि आत्यानं वाफ्यांना हात घातला. एका रविवारी सकाळी तिनं पदर खोचला आणि अव्वाचं खुरपं घेतलं. वाळलेला झेंडू उपटला, बोंडं चुरून बी एका फडक्यात बांधलं. शेवंती जमिनीसरशी कापली आणि मुळाशी आलेले कोवळे फुटवे बाजूला लावले. मला म्हणाली, "ये की, धर जरा." मी गेले नाही. पायरीवर पुस्तक घेऊन बसले. मग तिनं मोगरा छाटायला घेतला. कंबरेएवढी झाडं गुडघ्याखाली आणली. फांद्यांचा ढीग पडला, त्यातल्या कित्येक हिरव्या होत्या, माझ्या पाण्यानं हिरव्या झालेल्या. मी पुस्तक टाकून आत गेले.

दुपारी तिनं प्रत्येक झाडाभोवतीची माती काढली. मुळं उघडी पाडली. भिंतीलगत सात खड्डे झाले.

संध्याकाळी अप्पा ड्यूटीवरून आले. फाटकात आले आणि तिथंच उभे राहिले. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. अव्वा गेली त्या दिवशी अप्पांनी स्वतः खड्ड्यात उतरून अव्वाला बसती केली होती, तिच्या हातात लिंग दिलं होतं, आणि वर आल्यावर पहिली मूठ टाकली होती. ते त्या उकरलेल्या मातीकडे बघत राहिले, मग फाटक न उघडताच परत वळले. आत्या म्हणाली, "तम्मा, चहा तरी घेऊन जा की." त्यांनी मागं बघितलं नाही. दिवेलागणीनंतर ते आले. कुठं होता असं मी विचारलं, तर म्हणाले, प्लॅटफॉर्मवर बसलो होतो.

"मुळं आठ दिस उनात ठेवाय लागतात रे," आत्या जेवताना म्हणाली. "मग झाकते मी."

अप्पा म्हणाले, "बरं."

त्या आठ दिवसांतही मी पाणी घातलं. उघडी मुळं बघून मला राहवेना. मला वाटायचं ती थंडीत पडली आहेत, उघडी, आणि कुणी त्यांच्यावर पांघरूण घालत नाही. आत्या शेणखत आणायला गवळ्याच्या गोठ्यावर गेली की मी तांब्या घेऊन धावायची. नवव्या दिवशी तिनं खत आणि माती मिसळून खड्डे भरले, गोल आळी केली, विटा सरळ केल्या, चुना लावला. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. वाफे अगदी अव्वाच्या हातचे वाटावेत असे झाले होते. अप्पा जाता-येता तिकडं बघायचे नाहीत.

फाल्गुनात मोगरा भरभरून फुटला. तेलकट, गडद, तळहाताएवढी पानं. अशी पानं त्याला कधी आली नव्हती. चाळीतल्या बायका थांबून बघायच्या. मी रोज सकाळी उठून कळ्या शोधायची. होळी झाली, पाडवा झाला, उन्हानं पत्रे तापायला लागले, दुसऱ्यांच्या दारच्या मोगऱ्याचा वास यायला लागला. आमच्या सात झाडांवर मिळून त्या उन्हाळ्यात मूठभर कळ्या आल्या असतील. बाकी सगळा पाला.

मला तेव्हा कळलं. आत्या म्हणाली होती, अगदी त्याच शब्दांत म्हणाली होती. मी कुणाला काही बोलले नाही.

चैत्रात हळदीकुंकू होतं. शेजारच्या मावशी गजऱ्याचं विचारायला आल्या, अव्वा असताना यायच्या तशा. आत्यानं सांगितलं, औंदा फूल न्हाय. मावशींनी वाफ्याकडं बघितलं, आत्याच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं. त्या वाईट नव्हत्या. अव्वाच्या आजारात त्यांनीच आम्हाला जेवू घातलं होतं. पण बाहेर जाताना त्या दुसरीला म्हणाल्या, हळू म्हणाल्या असं त्यांना वाटलं असेल, "फुलझाडाला सवाष्णीचाच हात लागावा हो. रांडवेच्या हाताला फूल कसं यायचं?"

आत्या सुपात ज्वारी पाखडत होती. तिचा हात थांबला नाही. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नुसतं पळत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की मावशी, पाणी मी घातलं. माझी जीभ उचलली नाही. आपण अव्वाची झाडं बिघडवली हे चाळीला कळेल, अप्पांना कळेल, याचीच मला भीती वाटली.

त्यानंतर आत्यानं वाफ्यांना हात लावायचं बंद केलं. पाणी घालायचं झालं तरी मला सांगायची. मावशींचं बोलणं तिच्या मनाला लागलं, असं मी समजले.

पुढच्या मार्गशीर्षात तीच म्हणाली, "आता पानी तोड." मी तोडलं. पानं पिवळी झाली, गळाली, माझा जीव कासावीस झाला, पण तांब्याला हात लावला नाही. जत्रा झाल्यावर ती पायरीवर बसली आणि मी खुरपं घेतलं. ती तिथून सांगत होती. हितून काप. डोळ्याच्या वर काप. मुळाला खुरपं लावू नगंस, हातानं काढ माती. चौथ्या झाडाशी आले आणि मला पुढं काही दिसेना. मी तिच्याकडं पाठ करूनच म्हणाले,

"आत्या, मागच्या वर्षी मी चोरून पाणी घालत होते."

"ठाव हाय मला."

मी वळून बघितलं.

"शेतात जल्म गेला माझा," ती म्हणाली. "वरची माती कोरडी आन खाली बोट घातलं की चिखल. कळत न्हाय व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"येकदा बोलले की. मग बघितलं, पोर रडत न्हाय, बोलत न्हाय, नुसतं पानी घालतीया. म्हटलं घालू दे. फूल काय, फुडल्या वर्सी येतंय."

मी तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले. वर्ष उलटून गेलं होतं. ती उठून आली नाही, पायरीवरच बसून राहिली. बऱ्याच वेळानं आधी कानडीत आणि मग मराठीत म्हणाली, "साकु, साकु. पुरे आता. ऊन चढतंय, मुळं मोकळी कर."

"मी मावशींना सांगते. अप्पांनाही सांगते."

"अप्पाला सांगू नगंस," ती एकदम म्हणाली. "त्येला आता कुटं जरा अन्न गोड लागतंय."

मावशींनाही मी सांगितलं नाही. त्या वर्षी मोगरा असा फुलला की रोज सकाळी परडी भरायची. चाळीतल्या बायका गजरे घेऊन गेल्या. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आईचा हात उतरला पोरीत. आत्या आत स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं असणार. मी तेव्हाही गप्प राहिले. दुसऱ्यांदा गप्प राहिले ते जास्त लागतं मला, कारण तेव्हा मला भीती नव्हती, नुसतं कौतुक गोड लागत होतं.

मी दहावीत गेले त्या वर्षी दिराच्या घरून निरोप आला, शेतावर माणूस नाही म्हणून, आणि आत्या दुधनीला परत गेली. मी आणि अप्पा तिला गाडीत बसवायला गेलो. तिच्याकडं येताना होती तीच पिशवी होती. गाडी सुटायला वेळ होता आणि अप्पा आणि ती एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. शेवटी ती मला म्हणाली, "खत जुनं घाल. ताजं घालशील तर मुळं जळतील." दोन वर्षांनी ती तापानं गेली. तार आली तेव्हा तिला पुरूनही झालं होतं.

अप्पांना मी हे सगळं सांगितलं ते फार उशिरा. ते निवृत्त झाले होते, माझं लग्न होऊन मुलं झाली होती. रेल्वेचं घर सोडून ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, मी चार दिवस माहेरी गेले होते. गच्चीवर चहा घेता घेता मी बोलून गेले. पाण्याचं, मावशींचं, पायरीवरचं.

अप्पांनी कप खाली ठेवला.

"तिला माहीत होतं? पाणी तू घालत होतीस हे?"

"होतं."

"मावशींमुळं नाही तिनं हात लावायचं सोडलं," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात मीच तिला म्हणालो होतो. अक्का, तू आता त्या झाडांना हात लावू नकोस, म्हटलं. तुझ्या अव्वाची तेवढीच आठवण राहिलीय. ती बरं म्हणाली. एवढंच. बरं तम्मा."

खाली रस्त्यावर कुणीतरी चादरींची गाठोडी सायकलवर बांधत होतं, ते आम्ही दोघं बघत बसलो.

"दुधनीला आता कोण आहे आपलं?" अप्पांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "दीरही गेले तिचे."

त्यांनी मान हलवली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.