काळी भिंत, पांढरं टिन

उमरखेडच्या स्टँडवर माय मला सोडायला आली ती डोक्यावर गोधडी घेऊन. मे महिना, भर दुपार. नांदेडची गाडी लागली होती. कंडक्टर हसला, "एवढ्या उन्हात गोधडी घेऊन कुठं चालल्या बाई, भट्टीत?"

"पोरगी लडाखले चालली," माय म्हणाली. "तिथं बरफ पडते. तुह्या गाडीत जागा नसन त मांडीवर घेईन ते."

मी गोधडी मांडीवर घेतली आणि निघाले. रडारड झाली नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

पुसदला बांधकामाचा डिप्लोमा केला होता, तिथल्याच एका ठेकेदाराकडे बरीच वर्षं साइट सांभाळली होती. लडाखच्या खेड्यांत उन्हावर गरम होणारी घरं बांधायचं काम निघालं, मी अर्ज केला. तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्याला जे येतं ते सगळं उलटं करायचं आहे. आपल्याकडे ऊन बाहेर ठेवायला घर बांधतात, तिथे आत घ्यायला. दक्षिणेकडे मोठी काच, काचेमागे वीतभर जागा सोडून जाड मातीची भिंत, तिला काळा रंग आणि मधे खिडकी. भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर खोलीला ऊब देते. पूर्वी तिथल्या बाया शेणी जाळून खोकत बसायच्या. आता धूर कमी, खोकला कमी. भिंतीत भरायचा भुसा पाहिला तेव्हा मात्र आपलं कुटार आठवलं.

आपल्या वस्तीतून तुमच्यापैकी जे पुण्याला, सुरतेला गेले, त्यांना एवढं उलटं व्हावं लागलं नसेल. पण थोडं तरी लागलंच असेल.

बाबा गेले आणि माय घरात एकटी राहिली. ते घर तुम्हाला माहीत आहे. पूर्वी छपरावर मातीचे कवेलू होते. माकडं रोज फोडायची, म्हणून बाबांनी टिनं टाकली. वस्तीत सगळ्यांनीच टाकली. माकडं थांबली आणि घराची भट्टी झाली. मी दुसऱ्यांना गरम घरं बांधून देते, त्यातलं एकही आमच्या उमरखेडच्या घराइतकं तापत नाही. ते कोणी मुद्दाम तसं बांधलं नव्हतं, एवढंच.

म्हणून दिवाळीनंतर मायला लडाखला माझ्या भाड्याच्या खोलीत घेऊन आले, तीही काळ्या भिंतीचीच. बुद्धाचा मुलूख म्हणून ती खुशीत होती. घरमालकीण हात जोडून "जुले" म्हणायची, माय हात जोडून "जयभीम" म्हणायची. थोड्या दिवसांनी मालकीणही जयभीम म्हणायला लागली.

पण कामावरून यावं तर खोली गारठलेली. काचेवरचा पडदा ओढलेला, आणि अंधारात शाल पांघरून माय कुडकुडत बसलेली.

"माय, पडदा काहून लावला?"

"ऊन आत येऊन राह्यलं होतं."

"येऊ द्यायचं असते इथं!"

"सकाळी दहाले कोन उघडं ठेवते घर? येडी का काय?"

संध्याकाळी ती पडदा उघडायची, हवा यावी म्हणून. साठ-पासष्ट वर्षांची सवय हाडांत असते. मी रोज सांगायचे, ती रोज विसरायची. शेवटी मी म्हटलं, "तू पडदा लावते आणि रात्री मी थंडीनं मरते." हे मात्र तिला लागलं. दुसऱ्या दिवसापासून दहा वाजले की पडदा उघडा, सूर्य कलला की बंद. रात्री काचेवर तीच गोधडी टांगायची. काचेमागच्या उन्हात तिने शेवयांसारखे सरगुंडेसुद्धा वाळवले. मी दारात आले की म्हणायची, "हात लावून पाह्य भिंतीले. तापली नं?"

मला वाटलं, जमलं. आता राहील.

मार्चअखेर तिने पिशवी भरली. चौदा एप्रिलला घरी असायलाच हवं.

"जयंतीले घर बंद दिसलं त वस्ती काय म्हनन? बाप गेला, घर मेलं म्हनन."

"पावसाळ्यात जा. तिथं ऊन सोसणार नाही तुला."

"मले नोको सांगू ऊन. जयंती झाली की येतो परत."

जयंती झाली. मग म्हणाली, बुद्धपौर्णिमा करून निघतो. तिकीट पुढे ढकललं.

पौर्णिमेच्या आधीच एके दिवशी लाइट गेली होती, कूलर बंद. शेजारच्या कांताबाईंनी मला नंतर फोनवर सांगितलं. बारा वाजता त्यांना दिसलं की माय दारं-खिडक्या सताड उघडते आहे. वस्तीत त्या वेळी एक फट उघडी नसते.

"म्हटलं, मावशी, काहून उघडून राह्यल्या? त म्हने, पोरगी येईन ड्युटीवरून, खोली गरम पाह्यजे. अंग चटके देत होतं तिचं. मले समजलं, डोक्शात ऊन गेलं. पोराइले आवाज दिला, दवाखान्यात नेलं. पन नाही राह्यली."

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात शिरले, भिंतीला हात लावला. सूर्य मावळून गेला होता तरी भिंत तापलेली होती.

मी आजही तेच काम करते. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. पूर्वी उमरखेड म्हणायचे, मग काही वर्षं लडाख म्हटलं. आता घर म्हणजे मला एवढंच कळतं, की आतल्या माणसाला उन्हापासून किंवा थंडीपासून जे वाचवतं ते. त्या हिशेबाने उमरखेडचं घर हे घरच नाही. पण विकलंही नाही.

दर मार्चमध्ये जाते. शिडी लावून टिनावर चढते आणि गोंद घालून कालवलेला चुना मारते, पांढराफेक, दोन हात. आतली खोली बरीच गार पडते. कांताबाई खालून ओरडतात, "कोन राह्यते तिथं आता, कायले चुना मारून राह्यली?"

कोणीच नाही राहत. मी ब्रश बुडवते आणि पुढचं टिन घेते. चौदा एप्रिलला दार उघडं ठेवते, जयंती झाली की खिडक्या नीट बंद करून निघते.