तुमची गल्ली बाकी हाय

"उठू नका! तुमची गल्ली बाकी हाय!"

नव्वदीच्या दशकात, संध्याकाळी सातनंतर, संगमनेरजवळच्या अकोले गावात घराघरांतून हा आवाज यायचा. आवाजाचा धनी म्हणजे आमचा केबलवाला. गच्चीवर डिशची छत्री, शेजारी पत्र्याची खोली, खोलीत दोन व्हीसीआर आणि त्याच्या खांद्यावर कायम एक जुनाट कॅमेरा. मी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी त्याच्या चॅनेलवर गावच्या बातम्या वाचायची. कालव्याला पाणी कधी सुटणार, कुणाची म्हैस हरवली, कुणाकडे बारसं आहे. मोबदला म्हणाल तर एक कप चहा, तोही गुळाचा.

तुम्ही म्हणाल, हे बघतं कोण? अख्खं गाव बघायचं. कारण बातम्यांनंतर गावातलीच माणसं दिसायची. ओट्यावर बसलेली, नळावर भांडणारी, बाजारात घासाघीस करणारी. दिवसभर हिंडून हा सगळं कॅमेऱ्यात भरायचा. पण आज कोणती गल्ली दाखवणार, हे मलासुद्धा सांगायचा नाही. मधूनच माईक ओढून ओरडायचा, "उठू नका!" मग कालवण करपलं तरी बायका उठायच्या नाहीत.

"बाई, मानसाला सोताचं तोंड दिसनार म्हनल्यावर त्यो कुठं जातोय?" एवढंच त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते लागूही पडायचं. गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण तसाच ठेवून न्हावी टीव्हीकडे बघत बसलेला मी पाहिलाय. एक आजोबा तर भांडायलाच आले होते. "महिना झाला, आमाला दाखवलं न्हाईस. आमी काय मेलो का रं?"

खोड एकच होती. कालच्याच कॅसेटवर आजचं चित्रण करायचा. मी टोकलं की म्हणायचा, "कालचं कोन बघतंय, बाई?"

मग कुंभार गल्लीतल्या काकूंचे मालक वारले. बाजारात भाजी विकायचे बिचारे. दहावं-तेरावं उरकल्यावर काकू आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मालकांचा फोटू बी न्हाई रं घरात. तू बाजारात घेतलं हुतं ना त्यास्नी?"

त्यानं सगळ्या कॅसेटी उपसल्या. एका कॅसेटीत मालक सापडले. हातात तराजू आहे, वर बघतात, कॅमेरा दिसल्यावर लाजून हसतात. बस, एवढंच. त्या कॅसेटवर त्यानं काकूंच्या नावाची पट्टी चिकटवली आणि त्या दिवसापासून तिच्यावर दुसरं काही चित्रण केलं नाही. कुंभार गल्लीची पाळी आली की सगळ्यात शेवटी ते हसू लावायचा. तिकडे काकू डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या असायच्या.

पुढे संगमनेरहून मोठी केबल आली. चॅनेलांचा नुसता सुकाळ. एकेका गल्लीत त्याची वायर खांबावरून तुटून लोंबायला लागली. त्यानं काय केलं नाही? दुपारचे सिनेमे लावले, पोरांची गाणी घेतली, सोडत काढून प्रेशर कुकर वाटला. कुकर जिंकलेल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी नवी जोडणी घेतली. मला लोकांचा भयंकर राग यायचा. त्याला यायचा नाही, आणि तेच मला बघवायचं नाही.

पूर्वी तो कॅमेरा घेऊन निघाला की बाया केस सारखे करायच्या. आता कुणी मानही वर करीना. न्हावी तर तोंडावरच म्हणाला, "घेतोस कशाला? बघनार कोन?" हा पुढच्या गल्लीत गेला.

शेवटी कुंभार गल्लीतली चार-पाच घरंच उरली. जयंतीची मिरवणूक आली, तेव्हा त्याला उमेद वाटली. "बाई, हिच्यात समदं गाव येतंय. ही नीट दाखवली की मानसं माघारी येतील." दिवसभर मिरवणुकीसोबत पळत होता. मध्येच कॅसेट भरली. धावत खोलीत आला, व्हीसीआरवर पडलेली दुसरी उचलली, कॅमेऱ्यात घातली आणि परत पळाला.

संध्याकाळी माझ्या बातम्या झाल्यावर त्यानं मिरवणूक लावली. निळे झेंडे, ढोल, नाचणारी माणसं. पहिली कॅसेट संपली, दुसरी लावायला घेतली आणि तिच्यावर चिकटवलेली पट्टी त्याला दिसली.

"बाई, ही काकूंची हाय."

त्यानं ती मागे नेली, पुढे नेली. सगळीकडे झेंडेच. मालक कुठेच नव्हते. तो भिंतीला टेकून खाली बसला. सवयीनं माईक ओढला, "उठू नका" म्हणाला आणि तिथंच माईक बंद केला. मला रडू आवरलं नाही. घरं गेली ती गेली, पण ह्या माणसाच्या हातून हे व्हायला नको होतं.

त्याच आठवड्यात छत्री उतरली. तो भिवंडीला गेला म्हणे. कुणी म्हणतं नाशिकला. काकूंना काही न सांगताच गेला. परत कुणाला दिसला नाही.

काही दिवसांनी मीच काकूंकडे गेले. सात वाजून गेले होते. टीव्ही चालू, पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि समोर डोक्यावर पदर घेतलेल्या काकू.

"काकू, ते चॅनेल बंद पडलं. नवी जोडणी घ्या आता."

"नव्यात मालक दिसत्यात का?"

मी जायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला.

"बसा की, बाई. त्यो उठू नका म्हनलाय. आमची गल्ली बाकी हाय."