सोनगीरची परवानगी

जमीलाआपा गेल्याचं मला त्यांच्या भावजयीने, शमीमने, गच्चीवरून सांगितलं. सकाळी नळाला पाणी आलं होतं, मी खाली हंडे भरत होते. "ताई, आपा उठत नाहीत..." एवढंच ती म्हणाली. मी वर गेले तेव्हा अंग गार पडलं होतं. आता महिना उलटला, तरी जळगावातल्या आमच्या गल्लीत त्या नाहीत हे पटत नाही. इथून कुठे जाण्याची त्यांना सोयच नव्हती ना!

आपा मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरच्या. वडील बांगड्या विकायचे. विशी गाठायच्या आत आतेभावाशी लग्न होऊन त्या कराचीला गेल्या आणि तिथल्या नागरिक झाल्या. मूलबाळ झालं नाही. नवरा वारल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं, तशा माहेरी परतल्या... पण पाकिस्तानी पासपोर्टवर. धाकटा भाऊ सलीम जळगावात डाळमिलमध्ये कामाला, म्हणून व्हिसा त्याच्या पत्त्यावर मिळाला. पुढे पासपोर्टची मुदत संपली. नवा द्यायला तिकडची वकिलात तिथलं ओळखपत्र मागे. ते कधीच बाद झालेलं. इथे नागरिकत्व मागायला जावं, तर आधी चालू पासपोर्ट दाखवा म्हणत. अशा त्या कोणाच्याच राहिल्या नाहीत. जळगावात राहू दिलं होतं, पण जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर पोलिसांची परवानगी हवी.

एकदा मी त्यांच्यासोबत पोलिसांच्या त्या कचेरीत गेले होते. नव्या साहेबाने विचारलं, "हिंदी समजती है?" आपा म्हणाल्या, "समजस ना भाऊ. पन मी सोनगीरनी शे, अहिराणीमा बोल." साहेब शिरपूरकडचा निघाला. खुशीत त्याने चहा मागवला, "अक्का, तुम्ही तर आमनाच शेतस," म्हणाला. जळगावात राहायची मुदत मात्र नेहमीइतकीच वाढवली.

त्यांची आई सोनगीरलाच राहायची. हातपाय चालत होते तोवर एस.टी.ने लेकीला भेटायला येई. मग तिला अर्धांगवायू झाला. आपांनी परवानगीसाठी अर्ज केला आणि रोज सलीमला कचेरीत पाठवू लागल्या. "साहेब रजेवर आहेत", "धुळ्याहून उत्तर आलं नाही"... मला राहवेना. म्हटलं, "आपा, बुरखा घाला आणि बसा गाडीत. कोण विचारतंय?"

"मी सापडनू तं सलीम अडकी जाई," त्या म्हणाल्या. "त्यानी लेकरं शेतस."

शेवटी मामेबहिणीने तिकडून आईच्या कानाशी फोन धरला. आईची वाचा गेली होती, नुसता श्वास ऐकू येत होता. आपा भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "माय, मी आठेच शे. तुनापाशी शे."

परवानगी आली ती दफन झाल्यावर. आपा गेल्या नाहीत. "आते कोनले भेटू?" म्हणाल्या आणि शिलाई मशीनवर बसल्या. माझ्या ब्लाउजचा गळा त्या दिवशी वाकडा आला. उसवून पुन्हा शिवला, पुन्हा वाकडाच आला. मग मशीनवर डोकं टेकून त्या रडल्या... मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. नंतर सलीमकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, मला मायच्या शेजारी ठेव.

आपा गेल्या त्या सकाळी सलीम अंगणात उभा होता, हातात फोन, चेहरा घाबरलेला. "ताई, धुळे जिल्हा लागतो. न विचारता कसं न्यायचं?" त्याने कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "घेऊन जा हो. आता कसली परवानगी?"

शववाहिकेमागे दुसऱ्या गाडीत आम्ही बसलो. पारोळा मागे पडलं आणि धुळे जिल्ह्याची पाटी दिसली. आपांना दवाखान्यात न्यायचं असलं तरी त्यांचे कागद सोबत ठेवायची सलीमला सवय. त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, खिसा चाचपला... तिथे काही नव्हतं. पुढची गाडी तोवर पाटी ओलांडून गेली होती. तिला कोणी थांबवलं नाही.